‘सेंद्रिय’ : एका रासायनिक संज्ञेचा अर्थ आणि मराठीतील वापर

यूरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. रसायनशास्त्राच्या वर्गीकरणानुसार ते सेंद्रिय संयुग होय. एवढेच नव्हे तर प्रयोगशाळेत तयार झालेले पहिले सेंद्रिय संयुग म्हणून पाठ्यपुस्तके त्याचाच दाखला देतात. याच यूरियाची ४५ किलोची गोणी कृषिसेवा केंद्रात ‘रासायनिक खत’ म्हणून विकली जाते, आणि सेंद्रिय शेतीच्या प्रमाणीकरणात तिला सक्त मनाई असते. मराठी विभागाच्या वर्गात मात्र ‘कवितेची सेंद्रिय एकात्मता’ हा शब्दप्रयोग करणाऱ्या अध्यापकाच्या मनात यूरियाही नसतो आणि शेणखतही नसते. एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वावरतो, यात विशेष काही नाही. भाषेत असे शेकडो शब्द आहेत. विशेष आहे ते असे की, या तिन्ही अर्थांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याची प्रतिष्ठा उसनी घेतो. समीक्षकाला ‘सेंद्रिय’ म्हणताना शास्त्राचा काटेकोरपणा लाभल्यासारखे वाटते, विक्रेत्याला जीवनाचे पावित्र्य लाभते. म्हणून या संज्ञेची घडण नीट तपासून पाहणे हे केवळ कोशकाराचे काम राहत नाही. साहित्याच्या अभ्यासकालाही ते टाळता येण्यासारखे नाही.

२

व्याकरणदृष्ट्या ‘सेंद्रिय’ हा सहबहुव्रीही समास आहे : इंद्रियांसह जे असते ते. ‘स’ आणि ‘इंद्रिय’ यांच्या गुणसंधीने तो सिद्ध होतो. त्याचा अभिजात प्रतियोगी ‘निरिंद्रिय’. आज शालेय पुस्तकांतून रूढ झालेला ‘असेंद्रिय’ हा शब्द मात्र इंग्रजी नकाराच्या वळणावर घडलेला दिसतो. आधी ‘सह’ जोडावयाचा आणि मग त्या जोडलेल्याला ‘अ’ लावून नाकारावयाचे, ही द्राविडी प्राणायामाची रीत संस्कृतच्या अंगवळणी पडलेली नाही. परंतु परिभाषा ही शुद्धतेच्या नव्हे तर रूढीच्या बळावर टिकते, आणि ‘असेंद्रिय’ टिकला आहे.

‘सेंद्रिय-निरिंद्रिय’ ही जोडी कोणा एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकाराची निर्मिती नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात द्रव्याचा विचार करताना ही जोडी येते. तेथे इंद्रिययुक्त द्रव्याला चेतन आणि इंद्रियरहित द्रव्याला अचेतन म्हटले आहे. म्हणजे चरकाच्या दृष्टीने इंद्रिये ही चेतनेची खूण. पाणिनीने ‘इंद्रिय’ हा शब्द ‘इंद्र’ या शब्दावरून साधला असून टीकाकारांनी तेथे इंद्र म्हणजे आत्मा असा अर्थ घेतला आहे. ज्यावरून आतला आत्मा ओळखावयाचा ती खूण म्हणजे इंद्रिय. ही व्युत्पत्ती ऐतिहासिक भाषाशास्त्राला मान्य होवो अथवा न होवो, परंपरेने शब्दाकडे कसे पाहिले हे तिच्यावरून स्पष्ट होते.

येथे एक अडचण उद्भवते, आणि ती अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्ताच्या लक्षात आली होती. इंद्रिये असणारे तेच चेतन, तर वृक्षवेलींचे काय? त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. चक्रपाणीने उत्तर असे दिले की, वृक्षांनाही इंद्रिये आहेत असे अनुमानाने मानले पाहिजे. सूर्याच्या भ्रमणाबरोबर जी वनस्पती वळते तिच्या ठायी दृष्टी आहे, आणि मेघगर्जनेने जिला फळ धरते तिला श्रवण आहे, असे अनुमान तो करतो. वनस्पतींच्या प्रतिसादांवर जगदीशचंद्र बोस यांनी प्रयोग केले ते याच्या कितीतरी शतकांनंतर, आणि त्यांची रीत अनुमानाची नव्हे, उपकरणांची होती. तुलना फार ताणू नये. पण मुद्दा असा की, ‘सेंद्रिय’ या शब्दाची मर्यादा कोठे आखावयाची हा वाद त्या शब्दाइतकाच जुना आहे.

आता, चरकाचा ‘सेंद्रिय’ ज्याला लागू पडतो तो जिवंत प्राणी आहे. त्या प्राण्याच्या शरीरातून निघालेला पदार्थ नव्हे. साखर, तेल, मूत्रातील क्षार यांना कोणतेही इंद्रिय नसते. तेव्हा रसायनशास्त्राने हा शब्द उचलला तेव्हाच त्यात एक लक्षणा शिरली : सेंद्रिय म्हणजे ‘इंद्रिये असलेले’ नव्हे, तर ‘इंद्रिये असलेल्यापासून आलेले’. मराठी संज्ञेचा हा पहिला अर्थांतर-बिंदू होय. दुसरा त्याहून मोठा आहे, पण त्यासाठी युरोपातील घडामोडींकडे वळले पाहिजे.

३

‘ऑर्गॅनिक’चे मूळ ग्रीक ‘ऑर्गॅनॉन’. त्याचा अर्थ हत्यार, साधन. ‘कार्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी तो संबद्ध आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथसमूहाला ‘ऑर्गॅनॉन’ म्हणतात ते याच अर्थाने : विचाराचे साधन. त्यानेच आत्म्याची व्याख्या करताना शरीराला हे विशेषण लावले. ज्याचे भाग साधनांप्रमाणे कामाला येतात असे शरीर. संस्कृतात या अर्थाला नेमका जुळणारा शब्द ‘इंद्रिय’ नसून ‘करण’ हा आहे. सांख्यांची करणे तेरा. मराठीतील ‘अंतःकरण’ या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. भाषांतरकारांनी ‘सकरण’ असा शब्द केला असता तर तो मुळाशी अधिक प्रामाणिक ठरला असता, पण कोणाच्या तोंडी बसला नसता.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निकोला लेमरी याने आपल्या रसायनावरील पाठ्यपुस्तकात (१६७५) पदार्थांची विभागणी खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज अशी केली होती. ही विभागणी पदार्थ कोठून मिळतो यावर आधारलेली आहे; त्याच्या घटनेवर नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने शेवटच्या दोहोंना एकत्र करून ‘सेंद्रिय रसायन’ असे स्वतंत्र क्षेत्र मानले. त्याच्या मते सजीवांच्या शरीरात मूलद्रव्ये निर्जीव सृष्टीपेक्षा निराळ्या नियमांनी वागत, आणि हे पदार्थ घडविण्यास जीवनशक्ती आवश्यक असे. या टप्प्यावर रसायनज्ञाचा ‘ऑर्गॅनिक’ आणि चरकाचा ‘सेंद्रिय’ एकमेकांच्या अगदी जवळ आले होते.

१८२८ साली बर्झेलियसचाच शिष्य फ्रीड्रिख व्होलर याने सिल्व्हर सायनेट आणि अमोनियम क्लोराइड यांच्या विक्रियेतून अमोनियम सायनेट मिळविण्याचा प्रयत्न केला. हाती आले ते निराळेच स्फटिक. तपासणीअंती ते मूत्रातील यूरियाशी तंतोतंत जुळले. मूत्रपिंडाची मदत न घेता, मनुष्य वा कुत्रा यांपैकी कोणाचीही गरज न पडता, आपण यूरिया करू शकतो, अशा आशयाचे पत्र त्याने गुरूला लिहिले. पुढील पाठ्यपुस्तकांनी या प्रसंगाचे एक आख्यान बनविले : एका प्रयोगाने जीवनशक्तीचा सिद्धांत कोसळला. वस्तुस्थिती एवढी नाट्यमय नव्हती. सायनेटे ज्या कच्च्या मालापासून येत तो त्या काळी शिंगे, खुर, रक्त असल्या प्राणिज पदार्थांपासूनच मिळविला जाई, तेव्हा ‘निर्जीवापासून’ हे म्हणणे तितकेसे निर्वेध नव्हते. जीवनशक्तीची कल्पना त्यानंतरही अनेक दशके रेंगाळली. इतिहासकार डग्लस मॅकी याने १९४४ मध्येच या गोष्टीला दंतकथा ठरविले होते. तरी पाठ्यपुस्तकांतून ती हटत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. आद्य कवी, आद्य कादंबरी, युगप्रवर्तक काव्यसंग्रह यांबाबत साहित्येतिहासही असाच वागत आला आहे.

कोल्बे याने १८४५ मध्ये कार्बन डायसल्फाइडपासून सुरुवात करून अ‍ॅसेटिक आम्लापर्यंत मजल मारली, बर्तलो याने १८५० नंतरच्या दशकात संश्लेषणाचा धडाका लावला, आणि १८६१ मध्ये केकूले याने आपल्या पाठ्यपुस्तकात सेंद्रिय रसायनाची व्याख्या ‘कार्बनच्या संयुगांचे रसायन’ अशी केली. हा दुसरा आणि निर्णायक अर्थांतर-बिंदू. पदार्थ कोठून आला हा प्रश्न मागे पडला. तो कशाचा बनला आहे, एवढेच पाहावयाचे ठरले. ज्याला जीवनाशी काहीही देणेघेणे नाही असे क्लोरोफॉर्म, पॉलिथीन, डी.डी.टी. हे सारे ‘सेंद्रिय’ झाले. शब्द तोच राहिला. आतला जीव गेला.

मात्र नवी व्याख्याही नितळ नाही. कार्बन डायऑक्साइड, चुनखडी, सायनाइडे, कार्बाइडे यांत कार्बन असूनही ती निरिंद्रिय रसायनाच्या पुस्तकात शिकविली जातात. अमोनियम सायनेट हे निरिंद्रिय, आणि त्याच अणूंचा यूरिया सेंद्रिय! व्याख्येतून हाकलून दिलेला जुना भेद अपवादांच्या दाराने परत आत आला आहे.

४

भारतीय भाषांनी या संज्ञेचे भाषांतर करताना केलेल्या निवडी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या अतिशय बोलक्या आहेत. हिंदीने रसायनशास्त्रासाठी ‘कार्बनिक’ स्वीकारला. तमिळमध्ये ‘करिम’, ‘करि’ म्हणजे कोळसा. बंगालीत ‘जैव रसायन’. कन्नडमध्ये ‘सावयव रसायनशास्त्र’. मराठीत ‘सेंद्रिय’. तेलुगूत रसायनशास्त्रासाठी ‘कर्बन’, पण शेतीसाठी मराठीप्रमाणेच ‘सेंद्रिय’.

हे केवळ पर्यायी शब्द नव्हेत. त्यांतील प्रत्येकाने संकल्पनेच्या इतिहासातील निराळा क्षण पकडला आहे. बंगालीने लेमरी-बर्झेलियसचा क्षण पकडला : जीवापासून आलेले. हिंदी आणि तमिळ यांनी केकूलेचा : कार्बनचे बनलेले. कन्नडने त्याही मागे जाऊन अवयवांनी युक्त अशी रचना, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या जवळची बाजू उचलली. मराठीने चरकाचा शब्द घेतला आणि त्यावर पुढचे सगळे अर्थ लादले. न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत ‘सावयव’ म्हणजे भागांनी बनलेले, आणि म्हणून अनित्य. तेव्हा कन्नड शब्दालाही स्वतःचा दार्शनिक भार आहे, तो वेगळा.

मराठीतही ‘कार्बनी’ हा पर्याय पुढे आला. मराठी विश्वकोशाने ‘कार्बनी’ व ‘अकार्बनी’ या संज्ञा अवलंबिल्या, आणि अलीकडच्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणाचे नावही ‘कार्बनी संयुगे’ असेच आहे. काटेकोरपणाच्या दृष्टीने याचे स्वागत करावे लागेल. विद्यार्थ्याला संज्ञेतच व्याख्या मिळते. पण या लाभाची किंमतही आहे, आणि ती मृदाशास्त्रात ताबडतोब मोजावी लागते. जमिनीचा कस ठरविताना कृषिशास्त्रज्ञ ‘सेंद्रिय कर्ब’ मोजतात. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनींत चुनखडीच्या रूपाने भरपूर कर्ब असतो, पण तो पिकाच्या दृष्टीने कसाचा निदर्शक नव्हे. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, मुळांतून, शेणातून आलेला कर्ब तेवढा मोजावयाचा असतो. येथे ‘कार्बनी कार्बन’ म्हणू लागल्यास संज्ञेचा अर्थच लोपतो. ‘सेंद्रिय कर्ब’ या जोडशब्दात मात्र दोन्ही शब्द आपापले काम करतात : दुसरा मूलद्रव्य सांगतो, पहिला त्याचे मूळ. केकूलेपूर्व अर्थ मृदाशास्त्राला अजून हवा आहे. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालापासून शेतकऱ्याच्या बोलण्यापर्यंत तो शब्द न अडखळता गेला. परिभाषा-समितीने घडविलेल्या शब्दांपैकी फारच थोड्यांना हे भाग्य लाभते.

५

शेतीच्या संदर्भातील ‘सेंद्रिय’ या शब्दाचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे, कारण आज मराठी समाजाच्या कानावर तो सर्वाधिक पडतो तो येथेच.

मराठीत ‘सेंद्रिय खत’ हा प्रयोग ‘सेंद्रिय शेती’हून जुना. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत, पेंड यांना मिळून तो वापरला जाई, आणि तेथे त्याचा अर्थ ‘जीवापासून आलेले’ एवढाच होता. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसविली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्यांचे ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ १९४० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इंग्लंडात लॉर्ड नॉर्थबोर्न यांचे ‘लुक टु द लँड’ आले, आणि ‘ऑर्गॅनिक फार्मिंग’ ही संज्ञा त्या पुस्तकापासून प्रचारात आली असे मानले जाते. नॉर्थबोर्न यांच्या विवेचनात या विशेषणाचा रोख खतावर नाही. संपूर्ण शेत हा एक जिवंत देह आहे. त्याचे भाग परस्परांवर अवलंबून आहेत. बाहेरून आणलेल्या निविष्ठांवर तो जगू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ‘ऑर्गॅनिक शेती’ या संज्ञेतील ऑर्गॅनिक हा रसायनशास्त्राचा नसून तत्त्वज्ञानाचा आणि काव्यशास्त्राचा आहे!

मराठीत भाषांतर होताना ही गुंफण सुटली. ‘सेंद्रिय शेती’ हा प्रयोग आधीच्या ‘सेंद्रिय खता’च्या आधाराने समजला गेला : सेंद्रिय खते वापरून केलेली शेती. शेत हा देह आहे ही कल्पना शब्दातून ओसरली आणि निविष्ठांची यादी तेवढी उरली. पुढे प्रमाणीकरणाने त्या यादीला नियमांचे रूप दिले. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्याच्या निकषांत पीकफेरपालट, जैवविविधता इत्यादी गोष्टी आहेत, परंतु ग्राहकाच्या मनातील अर्थ ‘यादीतले नको ते नाही’ असा अभावात्मकच राहिला.

याच ओघात ‘सेंद्रिय’ आणि ‘रासायनिक’ हे दोन शब्द परस्परविरोधी बनले. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विरोध चमत्कारिक वाटतो. सेंद्रिय रसायन हीच त्याच्या शास्त्राची एक प्रमुख शाखा. पण लोकभाषेला दोष देऊन भागणार नाही. लोकांनी शब्दाचा १८६१ पूर्वीचा अर्थ सांभाळला, शास्त्रज्ञांनी तो सोडला. कोणी कोणाला कळविले नाही इतकेच. खरा धोका तेथे आहे जेथे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात. पिकांवर फवारण्याच्या अनेक कीटकनाशकांचा मोठा वर्ग रसायनज्ञ ‘सेंद्रिय फॉस्फरस संयुगे’ म्हणून ओळखतो, आणि हा वर्ग मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या अत्यंत विषारी द्रव्यांचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या दुर्घटनेची कारणे शब्दांत नव्हती. पण ज्या समाजात ‘सेंद्रिय’ म्हणजे निर्धोक असे समीकरण रुजले आहे, तेथे माहितीपत्रक, पाठ्यपुस्तक वा बातमी लिहिणाऱ्याने या वर्गाला ‘सेंद्रिय’ न म्हणता ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ असे लिप्यंतरित नाव वापरणेच योग्य. परभाषेतील शब्द येथे स्वभाषेपेक्षा अधिक सावध करतो. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांना हे रुचणार नाही.

एका बाबतीत मात्र मराठीने हिंदीहून अधिक सूक्ष्म भेद राखला आहे. हिंदीत ‘जैविक खेती’, ‘जैविक खाद’ असे म्हणतात. मराठी कृषिसाहित्यात ‘सेंद्रिय खत’ म्हणजे शेणखत-कंपोस्ट. तर ‘जैविक खत’ वा ‘जिवाणू खत’ म्हणजे रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर यांसारख्या जिवंत सूक्ष्मजीवांचे संवर्धन. एकात जीव होऊन गेलेला असतो, दुसऱ्यात तो हजर असतो. केंद्रीय पातळीवरील बोधचिन्हांवर ‘जैविक’ हा शब्द आल्यापासून मराठी वृत्तपत्रेही ‘जैविक शेती’ लिहू लागली आहेत. त्यामुळे हा भेद पुसट होऊ लागला आहे. तो पुसला गेला तर नुकसान मराठीचेच.

६

साहित्यसमीक्षेकडे वळताना एक कालानुक्रम डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते. कांटने सजीवाचे लक्षण सांगताना, ज्यात प्रत्येक भाग इतरांचे साध्यही असतो आणि साधनही, असा विचार १७९० मध्ये मांडला. आउगुस्ट व्हिल्हेल्म श्लेगेल याने १८०८ मध्ये व्हिएन्ना येथे दिलेल्या व्याख्यानांत यांत्रिक आकार आणि सेंद्रिय आकार असा भेद केला. तो कोलरिजने उचलला. ओल्या मातीला बाहेरून दिलेला आकार तो यांत्रिक, आतून विकसत जाऊन आपली परिपूर्णता गाठणारा तो सेंद्रिय. हीच बर्झेलियसची वर्षे. रसायनज्ञ आणि कवी त्या दशकात एकाच शब्दाने एकाच विश्वासाकडे निर्देश करीत होते : सजीवाची घडण निर्जीवाच्या नियमांनी उलगडत नाही. पुढे रसायनज्ञाने तो विश्वास टाकला. समीक्षकाने टाकला नाही, आणि टाकण्याचे कारणही त्याला कोणी दाखविले नाही.

नाट्यातील कथानक हे सजीव प्राण्यासारखे एकसंध असावे हा विचार अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात आहेच, आणि भाषणाला शिर, धड, पाय असावेत हे त्याआधी प्लेटोने म्हटले होते. पण ती उपमा होती. स्वच्छंदतावाद्यांनी उपमेचा सिद्धांत केला. इंग्रजी समीक्षेमार्फत तो मराठीत आला आणि ‘सेंद्रिय एकात्मता’, ‘सेंद्रिय रचना’, ‘सेंद्रिय घाट’ अशी शब्दयोजना रूढ झाली.

मराठीत या शब्दाला एक खास अडचण आहे, जी इंग्रजीत नाही. ‘ऑर्गॅनिक’ उच्चारताना इंग्रजी वाचकाला ज्ञानेंद्रिये आठवत नाहीत. ‘सेंद्रिय’ उच्चारताना मराठी वाचकाला ती आठवल्यावाचून राहत नाहीत. ‘ऐंद्रिय’, ‘इंद्रियगोचर’, ‘इंद्रियसंवेद्य’ हे शब्द त्याच समीक्षेत, अनेकदा त्याच परिच्छेदात, वावरत असतात. परिणामी ‘बालकवींच्या प्रतिमांची सेंद्रियता’ अशा वाक्यात त्या प्रतिमा परस्परांशी जिवंत नात्याने बांधलेल्या आहेत असे म्हणावयाचे आहे, की त्या रंग-गंध-नाद यांनी भरलेल्या आहेत असे, हे लेखकालाही नक्की सांगता येत नाही. उत्तरपत्रिकांतून हा गोंधळ सर्रास आढळतो. पण तो विद्यार्थ्यांनी निर्माण केलेला नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची चर्चा करताना तर हा भेद जपणे अगत्याचे आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेल्या लयतत्त्वाचे नियम तीन : संवाद, विरोध, समतोल. कलेचे द्रव्य म्हणून मर्ढेकर संवेदना मानतात, म्हणजे तेथे ऐंद्रियतेला स्थान आहे. तर लय ही त्या संवेदनांमधील संबंधांची व्यवस्था आहे. आता या व्यवस्थेला ‘सेंद्रिय’ म्हणावे काय? संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध दोन रेषांत, दोन स्वरांत, दोन रंगांतही संभवतात. त्यांना वाढ नसते, बीज नसते, आतून उमलणे नसते. मर्ढेकरांचा घाट हा विकसत जाणाऱ्या वनस्पतीपेक्षा तोलून धरलेल्या रचनेच्या अधिक जवळ आहे. त्याला ‘सेंद्रिय’ म्हणणाऱ्याने कोलरिजचे रूपक मर्ढेकरांच्या विचारावर लादले असे म्हणावे लागते. आणि द्रव्य ऐंद्रिय आहे म्हणून घाट सेंद्रिय, असा जो तर्क अधूनमधून डोकावतो तो तर निव्वळ शब्दसाम्यावर उभा आहे.

समीक्षेने रसायनशास्त्राकडून काही घ्यावयाचेच असेल तर ते जीवनशक्तीच्या कल्पनेपेक्षा निराळ्या ठिकाणी आहे. व्होलरच्या प्रयोगातील खरी मौज मूत्रपिंड टाळण्यात नाही. अमोनियम सायनेट आणि यूरिया यांचे अणू तेच, संख्या तीच. भिन्न आहे ती त्यांची मांडणी. एवढ्या भेदाने गुणधर्म पालटतात. या प्रकाराला बर्झेलियसने १८३० मध्ये ग्रीक धातूंवरून जे नाव दिले त्याचा अर्थ ‘समान भागांचे’ असा होतो, मराठीत ‘समघटकता’. एका कवितेतील तेच शब्द, तितकेच शब्द, क्रम बदलून लिहावेत आणि कविता नाहीशी व्हावी, हा अनुभव काव्याच्या प्रत्येक अध्यापकाला आहे. त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी कवितेत प्राण असतो असे म्हणावे लागत नाही. मांडणी हीच गुणधर्म ठरविते, एवढे पुरते. अर्थात रासायनिक दाखले जपून वापरावे लागतात. एलियटने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कविमनाला प्लॅटिनमच्या तारेची उपमा दिली. पण सल्फर डायऑक्साइड व ऑक्सिजन यांपासून तेथे जे आम्ल बनते असे तो सांगतो ते बनत नाही, सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. उपमा टिकली, रसायन चुकले.

७

समाजविचारातील एक उपयोग येथे नोंदविला पाहिजे, कारण पदव्युत्तर वर्गांत तो आता वारंवार येतो. ग्रामशीने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांतील (१९२९-३५) ज्या बुद्धिवंताचे वर्णन इंग्रजीत ‘ऑर्गॅनिक’ असे होते, त्याला मराठीत ‘सेंद्रिय बुद्धिवंत’ म्हटले जाते. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ही संज्ञा महत्त्वाची आहे; एखाद्या लेखकाचे आपल्या समाजाशी नाते काय, हा तेथे कळीचा प्रश्न असतो. परंतु येथे ‘सेंद्रिय’मधील एकही मराठी अर्थ कामाला येत नाही. इंद्रियांचा संबंध नाही, कार्बनचा नाही, जीवापासून मिळण्याचा नाही, आतून उमलण्याचाही नाही. ग्रामशीला म्हणावयाचे आहे ते असे की, एखादा वर्ग उदयाला येताना आपल्याबरोबर आपले बुद्धिवंत घडवितो, आणि ते त्या वर्गाच्या कार्याचा भाग असतात. बाहेरून सहानुभूती दाखविणारे नव्हेत. ‘सेंद्रिय बुद्धिवंत’ वाचून विद्यार्थ्याला यातले काहीच उमगत नाही, आणि शेतीच्या जाहिरातींनी भारलेल्या कानाला तर ‘भेसळ नसलेला बुद्धिवंत’ असा अर्थ लागण्याची शक्यता आहे. अस्सलपणाचा हा ध्वनी विशेष घातक ठरतो. मग चर्चा लेखकाच्या कार्यावरून घसरून त्याच्या जन्माच्या शुद्धतेवर जाते, आणि ग्रामशीला अभिप्रेत असलेला प्रश्न बाजूला राहतो.

या ठिकाणी ‘अंगभूत बुद्धिवंत’ हा पर्याय अधिक बरा. ‘अंगभूत’मध्ये स्वाभाविकतेची छटा आहे ती थोडी त्रासदायक, कारण ग्रामशीच्या मते हे नाते घडते, उपजत नसते. तरीही भाग आणि समष्टी यांचा संबंध त्यात स्पष्ट आहे. अंग म्हणजे अवयव. म्हणजे या एका उपयोगापुरती मराठीला कन्नडने केलेलीच निवड करावी लागते.